शेजारशेजारची दोन भोके

मित्रांनो, चूक मावशींची ठरली असती, तर फायदा वेधशाळेतल्या एकट्या सरांचा होता. त्यांचे पुस्तक छापायला निघाले होते आणि त्यातला नियम शाबूत राहिला असता. मावशींची नोकरी गेली असती; पण ती सरांनी हिशेबात धरलीच नव्हती.

हे मी सांगते, कारण सगळे भांडण माझ्या अंगावर झाले. मी ॲल्युमिनियमची एक जुनी तबकडी आहे. वेधशाळेच्या कार्यशाळेत मला शेकडो भोके पाडली. आकाशाच्या एका तुकड्यात जिथे तारा, तिथे माझ्यावर भोक. एवढे महत्त्व आल्यावर मी कोऱ्या पत्र्यांशी बोलणेच सोडले.

प्रत्येक भोकात काचेचा केसाएवढा धागा खोचायचा, हे मावशींचे काम. मग मला दुर्बिणीवर चढवत. ताऱ्याचा उजेड धाग्यातून यंत्रात जाई आणि तिथे त्याचे रंग सुटे होत. त्या रंगांच्या पट्टीत काळ्या रेघा दिसतात. लोहाच्या वेगळ्या, कार्बनच्या वेगळ्या; रेघ जितकी जाड, तितका तो पदार्थ जास्त. तारा कशाचा बनला आहे, ते त्यावरून कळते.

माझ्यावरच्या दोन शेजारच्या भोकांत दोन भाऊ होते, एकाच ढगातून जन्मलेले तारे. एकाभोवती ग्रह फिरतात, हे आधीच ठाऊक होते. दुसऱ्याकडे एकही सापडला नव्हता. सरांचा नियम असा, की ज्या भावात लोह जास्त, ग्रह त्याच्याकडेच. आणि नेमके लोह जास्त निघाले ते बिनग्रहाच्या भावात!

"मावशी, दोन धाग्यांची अदलाबदल केलीत तुम्ही," सर म्हणाले. "आधी चष्मा बदला."

"परवाच बदललाय, सर."

"मग पुढच्या महिन्यापासून दुसरं कोणीतरी बघतो."

मावशींचा हात माझ्या काठावर तसाच राहिला. रेघा तपासणाऱ्या ताई मध्ये पडल्या. "सर, पुन्हा एकदा बघू. या वेळी ते दोन धागे तुम्हीच खोचा."

सर बसले. पहिला धागा बाहीच्या बटणात अडकला. दुसरा टेबलाखाली गेला आणि त्याच्यामागे सरही गेले. मावशींनी न हसता बॅटरी धरली. त्या दिवसातले सर्वांत अवघड काम तेच असावे.

"हळू, सर. सुईत दोरा ओवताय असं समजा."

"मला शिकवू नका."

"छे हो! उजेड तेवढा धरते."

दुसऱ्या दिवशी रेघा आल्या. अगदी त्याच.

"आता कोणाचा चष्मा बदलायचा?" मावशींनी विचारले.

सरांनी स्वतःचा काढला, पुसला, परत घातला. "माझा," ते म्हणाले.

ताईंनी दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवल्या. "या बिनग्रहाच्या भावाला ढगातूनच मोठा वाटा मिळाला असता, तर कार्बनही जास्त दिसला असता. तो दोघांत सारखाच आहे. जास्त आहे ते लोह, मॅग्नेशियम, सिलिकॉन. सगळा खडकाळ ग्रहांचा माल! सर, बहुतेक यालाही ग्रह होते. यानं ते गिळले."

"स्वतःचे?" मावशींनी विचारले.

"स्वतःचेच."

"मेल्याला लाज नाही!"

मावशींची नोकरी टिकली. सरांनी पुस्तकातले ते प्रकरण नव्याने लिहायला घेतले आणि, गंमत म्हणजे, ते त्यांना जुन्यापेक्षा आवडू लागले. ताई आता असेच आणखी भाऊ शोधत आहेत. माझ्यासारख्या तबकड्या काम संपले की वितळवतात. मला मात्र भिंतीवर टांगले आहे. भोकांत धूळ बसते, तेवढी कोणी पुसावी.

मित्रांनो, आकडा विचित्र आला तर तो कोणाच्या हातून आला हे विचारण्याआधी पुन्हा मोजा. इथे सरांनी एक प्रकरण दिले, मावशींनी एका रात्रीची झोप दिली, आणि दोघांचेही भरून निघाले. एका भावाचे ग्रह सुखरूप फिरत आहेत. पुरती किंमत मोजली ती दुसऱ्याच्या ग्रहांनी, आणि त्याची पावती त्याच्या उजेडातल्या काही जाड रेघा एवढीच.