आठव्या फोटोतला हातमोजा

"आणि हा क्रेनवर बसलेला कोण?" सुजयसाहेबांनी फोटोवर बोट ठेवून विचारलं.

"मीच."

"लवूकाका, मघाशी छत्रीवाला पण तुम्हीच होतात!"

"शिफ्ट बदलली ना ओ."

खाली बसून फ्रेमांच्या काचा पुसणारी माझी बायको, विमला, मान वर न करता म्हणाली, "ह्यांचं काय ऐकताव? लग्नात भटजीला सांगितलानी, नवरा दुसराच हाय म्हणून."

साहेब खो-खो हसले. आरे-वारेच्या रस्त्याला त्यांनी नवं घर बांधलंय. हॉलमध्ये जुन्या शूटिंगचे आठ फोटो लावायचे होते. कॅमेरे, ट्रॉल्या, खुर्चीत पेंगणारा डायरेक्टर. मी मुंबईत अठरा वर्षं लाइटमन होतो. पाठ गेली तसा रत्नागिरीला आलो, फ्रेमा करतो. लाइटमन उभा राहतो दिव्याच्या मागे, त्यामुळे माझा एकही फोटो नाही. वाडीत म्हणतात, लवू हॉटेलात कपबश्या विसळायचा. विमला तसं म्हणत नाही. पण दुसरंही काही म्हणत नाही.

आठवा फोटो पाकिटातून काढला आणि उजेडाकडे धरला. हिरॉइनच्या उजवीकडे, अगदी कडेला, दिव्याची झडप धरलेला एक हातमोजा. अंगठ्याला चौकड्याचं ठिगळ. गणपतीला घरी आलो होतो, तेव्हा विमलानेच उशीच्या अभ्र्याचं लावून दिलेलं.

"विमल, हा बघ. हा खराच मी."

"हो तर! आता नुसता हातच ऱ्हायला होता."

"अगो, एकदा बघ तरी."

"सकाळपासून सात वेळा बघितलंय ओ. कंबर मोडली माझी. उरका."

साहेबांनी फ्रेम फोटोवर धरली. आठही फ्रेमा एका मापाच्या. "दोन बोटं जास्त होतोय. उजवीकडचं कापा, काका. नुसता हातमोजाच आहे."

मी तोंड उघडलं. मी काही बोलायच्या आधीच दोघंही हसायला लागली.

मग मीपण हसलो. स्टीलची पट्टी ठेवली, डाव्या हाताने दाबली आणि एका दमात कापलं.

भिंतीपाशी स्टूल लावलं तर ते डुगडुगायला लागलं. विमलाने खाली पडलेला तो हातमोज्याचा कपटा उचलला, चार घड्या घातल्या आणि स्टुलाच्या पायाखाली सारला.

"चढा आता," ती म्हणाली. "मी धरलंय."

मी चढलो.