गोझो की आमचं बोनेर

चार वर्षांत मिरेल्वाताई एकदाही घरी आलेली नाही. रॉटरडॅमला नर्सिंग शिकायला गेली आणि तिथंच नोकरीला लागली. गंमत बघा, पोरगी कॅरिबियनमधल्या बोनेर बेटाची, पण डायव्हिंग शिकली हॉलंडच्या गढूळ, गारठलेल्या तळ्यात! इथं होती तेव्हा गुडघाभर पाण्यापुढे जायची नाही. माईचं ठरलेलं वाक्य असायचं, "पाण्याखाली मासे राहतात आणि हॉलंडचे पाहुणे. आपलं काय काम तिथं?"

आता ताईच्या डायव्हिंग क्लबला ऑक्टोबरसाठी बेट निवडायचं होतं. बोट नको, गाइड नको. किनाऱ्यावर गाडी लावायची, हवेची टाकी पाठीला बांधायची आणि जोडीदाराबरोबर चालत पाण्यात शिरायचं. शेवटी दोनच नावं उरली, माल्टाजवळचं गोझो आणि आमचं बोनेर. ताईला वर्षाला एकच प्रवास परवडतो. क्लब इकडे आला तर ताई घरी, नाहीतर आणखी एक वर्ष नुसता फोन.

"रविवारी व्हिडिओवर तूच बोल त्यांच्याशी," ताई म्हणाली. "तू आता शिकलेली आहेस."

शिकलेली! मे महिन्यात शाळेच्या वर्गातून डायव्हिंगची परीक्षा दिली आणि पहिल्या फटक्यात पास झाले. रविवारी दुपारी केस घट्ट बांधले, आणि पडद्यावर ताईच्या शेजारी पाच गोरे चेहरे आले तशी मी सुटलेच. रस्त्याकडेला पिवळे दगड असतात, त्यावर जागेचं नाव. गाडीत काही ठेवायचं नाही, काचा उघड्या टाकायच्या, म्हणजे चोर फोडत नाहीत. पाण्यात पन्नास पावलं चाललं की तळ खाली जातो. माई मागून ओरडली, "अगं, श्वास घे जुडेल्का!" सगळे हसले. ताई सगळ्यात जास्त हसली.

मग योस्ट नावाच्या लांबुळक्या माणसाने विचारलं, "आणि प्रवाळ कसं आहे सध्या?"

शनिवारीच डायव्हिंगच्या सरांबरोबर पाण्यात गेले होते. ओळखीची मेंदूसारखी मोठी प्रवाळं पांढरी पडली होती. तीन जागी तर उतरायलाच बंदी होती. ताई पडद्यातून माझ्याकडे बघत होती. "मस्त आहे," एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द. पण मग ऑक्टोबरमध्ये ताई त्या पांढऱ्या दगडांवर तरंगत असती आणि मी शेजारी.

"आजारी आहे," मी म्हणाले. "सगळीकडे नाही. पण आहे."

पाच मतं गोझोला पडली, एक आम्हाला.

रात्रभर मी माईशी बोलले नाही. खरं तर तिचा काही दोष नव्हता. सकाळी तिने पुढ्यात करंजीसारखी गरम पास्तेची ठेवली आणि म्हणाली, "खोटं बोलली असतीस तर मीच तुझा कान पिळला असता." आणि मग तिचेच डोळे भरून आले.

पुढच्या रविवारी ताईचा फोन आला. तिकीट काढलं होतं, गोझोचं.

"रागावलीस?" मी विचारलं.

"वेडी आहेस का? मला एक सांग. आपल्या किनाऱ्यावरून पाण्यात शिरायचं, तर आधी काय करायचं?"

"आधी प्रवाहाची दिशा बघायची."

"आज कुठून आहे?"

"दक्षिणेकडून. म्हणजे आधी डावीकडे, प्रवाहाविरुद्ध. परतताना तो आपल्याला आणतो."

"बरं. मी बूट घातलेत. चल."

मी डोळे मिटले. तिनेही मिटले असणार. मी तिला खडबडीत दगडांवरून पाय घासत नेलं, मग वाळू आली, मग निळं पाणी. पोपटमासे प्रवाळ कुरतडतात त्याचा कुडुम कुडुम आवाज ऐकवला. पांढरं काही आलं की तेही सांगितलं, ताई नुसती "हं" म्हणाली. बारा मीटरवर थांबलो, मला त्याखाली जायची परवानगी नाही.

"हवा किती उरली?" बऱ्याच वेळाने मी विचारलं.

पलीकडे ट्राम गेली.

"भरपूर आहे. एवढ्यात वर नको नेऊस मला."