सातव्या खड्ड्याची घंटा

मी एक जुनी घंटा आहे. एका खोलगट जागेच्या काठावर, लोखंडी खांबाला टांगलेली. मित्रांनो, आज इथं हिरवंगार गोल्फचं मैदान आहे. कुणीही यावं, तिकीट काढावं आणि खेळावं. पण माझा जन्म काही खेळासाठी झाला नव्हता.

ज्या ओताऱ्यानं मला ओतलं, त्यानं पहिला टोला दिला, डोळे मिटून ऐकला आणि म्हणाला, "गळा गोड दिलाय देवानं. लोकांच्या कामी ये, बाई."

मी कामी आले ती दगडखाणीच्या. ही खोलगट जागा म्हणजे तीच खाण. सुरुंग लावला की खाणीवरचे घंटेवाले दादा माझे तीन टोले द्यायचे. तीन टोले म्हणजे हातातलं टाका आणि खाणीच्या दगडी भिंतीपासून दूर पळा. खाणीवरच्या लेकरांना पाढ्यांआधी हे टोले पाठ होत. दादांच्या बावीस वर्षांत एकही माणूस भिंतीखाली राहिला नाही. देवाची कृपा, दुसरं काय!

पुढं दगड संपला. नगरपालिकेनं माती पसरली, गवत लावलं. सातवा खड्डा नेमका तळाशी आला. चेंडू मारणारा टेकाडाआड उभा राहतो, त्याला तळ दिसत नाही. म्हणून तळातला खेळ उरकून वर आलेल्यांनी माझी दोरी ओढायची. खाली कुणी नाही, आता मारा! पहिल्यांदा लोकांना माझं फार कौतुक. मग लोलकाला गंज चढला, तरी कुणी तेलाचा थेंब घातला नाही. दादा तेवढे दुपारी येत. त्यांची लेक, ताई, मैदानावर गवत कापायची, तिचा डबा घेऊन.

त्या दुपारी ताई तळाशी, जुन्या भिंतीलगत यंत्र चालवत होती. दादा माझ्या खांबाला टेकले होते. अचानक त्यांची मान ताठ झाली. भिंतीवरून खडे घरंगळत होते. वरची भेग रुंदावत होती.

"ताई! अगं, सर मागं!"

यंत्राच्या घरघरीत हाक कुठली पोचायला! दादांनी दोरी धरली. एक, दोन, तीन.

ताईनं वर पाहिलंसुद्धा नाही. चालतं यंत्र सोडून ती पळाली. पण मित्रांनो, भिंतीपासून पळायचं म्हणजे मैदानाच्या मध्यावर यायचं, आणि चेंडू पडतात ते तिथंच. टेकाडाआड डॉक्टर आणि दुकानदार माझीच वाट पाहत होते. खेळणारे टोले मोजत नाहीत.

ठप्प! पहिला चेंडू ताईच्या मागं हातभर अंतरावर पडला. तेव्हा कुठं दादांच्या ध्यानात आलं. त्यांनी मला दोन्ही हातांनी कवटाळलं, माझा आवाज पोटाशी दाबून धरला. पण सुटलेला आवाज कधी माघारी येतो का? दुसरा चेंडू ताईच्या खांद्यावर बसला. ती कोलमडली, आणि त्याच क्षणी मागं भिंत कोसळली. यंत्राची घरघर एकदम थांबली.

धूळ बसेपर्यंत दादांचं हृदय माझ्या अंगावर आपटत होतं.

"दादा," धुळीतून आवाज आला, "मी आहे हो. यंत्र गेलं."

दुकानदार धापा टाकत काठावर आला. "घंटा कुणी वाजवली? खाली माणूस असताना?"

दादा म्हणाले, "माणूस होतं, म्हणूनच वाजवली."

दुकानदार तळातल्या दगडांच्या ढिगाकडं पाहत राहिला. मग खाली उतरला आणि ताईला हात दिला.

आता भिंतीला जाळी आहे. माझ्या खांबावर पाटी आहे: एक टोला, मारा; तीन टोले, थांबा, खाली जीव आहे. गंज दुकानदारानंच खरवडला. एक टोला ऐकला, तरी तो आधी टेकाडावर चढून तळाकडं बघतो, मगच चेंडू मारतो. बरोबरचे हसतात. "अहो शेठ, घंटा झाली की!"

"झाली ना. पण बघायला काय जातंय?"

मित्रांनो, जुन्या जागेवर खेळायला जाल, तेव्हा तिथल्या जुन्या माणसांना विचारा, इथं आधी काय होतं. आणि माझा आवाज आला, तरी एकदा डोकावून बघा. मी हाक मारू शकते. कुणाचा उगारलेला हात मला धरता येत नाही.