हिरव्याचं लाल

आमच्या कारखान्यात रंग न घालता रंग तयार करतात. ऐकणाऱ्याला थट्टा वाटते. डोळ्यांना दिसणार नाहीत इतक्या बारीक, एकसारख्या गोळ्या पाण्यात सोडायच्या आणि पाणी सावकाश सुकू द्यायचं. गोळ्या आपणहून थरावर थर लावून बसतात आणि नुसत्या त्या रचनेमुळे हिरवा रंग दिसतो. त्याची लेबलं औषधांच्या बाटल्यांवर लागतात. चष्मा पुसताना काचेवर सोडतो तशी तोंडाची वाफ सोडली, की ओलीने थर फुगतात आणि अस्सल लेबल लाल होतं. नकली मात्र हिरवं ते हिरवंच.

नवऱ्याची फुप्फुसं वर्षभर झालं निकामी होत चालली आहेत. औषध चालू आहे, गुण काडीचा नाही. परवा नणंद म्हणाली, "वहिनी, औषध नकली तर नसेल? लेबल तुमच्याच कारखान्याचं आहे, बघा तरी."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. नकलीच निघू दे, असं मी मनातल्या मनात शंभरदा म्हटलं. नकली असेल तर अस्सल आणता येईल, माणूस उठेल. अस्सल असेल तर संपलंच सगळं.

बाटली काढली तर हे म्हणाले, "आण इकडे. आजारी मी आहे, तू नाहीस." हट्टाला पेटले की कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत. श्वास गोळा केला, बाटली तोंडाशी धरली. लेबल हिरवंच राहिलं.

"बघ, नकली," म्हणाले आणि कितीतरी महिन्यांनी हसले. उशी सरकवून ताठ बसले, बहिणीला फोन लावला. "चोरांनी माझं वर्ष खाल्लं गं," धापा टाकत सांगत होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझं तोंड का उतरलंय? वाढ काहीतरी, भूक लागलीय."

मी बाटली घेऊन स्वयंपाकघरात गेले. दिवसभर हीच लेबलं तपासते मी. किती वाफ लागते ते मला कळतं. यांच्या तोंडातून निघाली ती वाफ नव्हतीच, नुसती घरघर होती. ओट्याशी उभी राहून मी वाफ सोडली. लाल झालं. थांबून पुन्हा सोडली. पुन्हा लाल.

"अगं, उद्या दुसऱ्या दुकानातून आणशील ना? अस्सल?" बाहेरून हाक आली.

ते मेलं लेबल परत हिरवं होईपर्यंत मी तिथेच थांबले. मग म्हटलं, "आणते. सकाळी उठून आधी तेच करते."