नवरीची दोन नावं

पनवेलच्या स्टुडिओत वसुंधराबाईंनी लग्नांचे सगळे फोटो कॉम्प्युटरवर चढवले होते. ते नीट लावायला आता सॉफ्टवेअर हवं होतं. विक्रेत्याने दोन सीड्या आणल्या आणि महागडीचं कौतुक सुरू केलं.

"नाव टाका, फोटो हजर!"

"एका फोटोला नावं किती?"

"एकच. स्वस्तातल्यात हवी तेवढी, पण लागतात कशाला?"

बाई उसळल्या. "लग्नात नवरीचं नाव बदलतात हो! सुकापूरची सखूबाई लेकीला मंदा म्हणते, सासरचे रुचिरा. दोघांनाही फोटो मिळायला हवा."

"जुनं नाव कोण लक्षात ठेवतं, मॅडम?"

"तुमच्या आईचं माहेरचं नाव काय?"

"ते... तिलाच विचारावं लागेल."

बाईंनी स्वस्तातली सीडी उचलली. "तिच्या माहेरचे आले, तर त्यांना फोटो कसा शोधून देणार होतात?"