सत्काराचा नारळ

उमरखेडच्या वाचनालयात सदाशिवरावांना कधी रजिस्टर उघडावं लागत नसे. कोणी कोणतं पुस्तक नेलं, कितीदा नेलं, परत आणलं तेव्हा त्यावर हळदीचा डाग होता की तेलाचा, सगळं तोंडपाठ. बरं, पाठ असावं आणि पोटात राहावं, तर तेही नाही. माणूस मनानं चांगला, पण तोंडात तीळ भिजेल तर शपथ. "वकीलसाहेब सध्या भुताच्या गोष्टी वाचून राह्यले," असं रात्री ताटावर सांगून ते ठसका लागेस्तोवर हसत. बायको रुक्माबाई भाकरी वाढत आणि मुकाट ऐकून घेत.

बासष्ट साली वाचनालयाच्या वार्षिक समारंभासाठी त्यांनी नवी टूम काढली : उत्तम वाचकाचा सत्कार. मान मिळाला मुलींच्या शाळेत शिकवणाऱ्या विमलला. तिचं लग्न पुसदच्या नानाजींच्या मुलाशी ठरलेलं होतं, म्हणून पाहुणे म्हणूनही नानाजींनाच बोलावलं. होणाऱ्या सासऱ्यासमोर सुनेचं कौतुक! सदाशिवराव आठवडाभर स्वतःवर खूश होते.

"पोरीनं काय काय वाचलं ते ऐका," मंडपात त्यांनी सुरुवात केली. "संतांची चरित्रं वाचली. प्रवासवर्णनं वाचली. भरतकामाचं पुस्तक नेलं. अन् महारोगावरचं पुस्तक तर तीनदा नेलं. याले म्हणते जिज्ञासा."

टाळ्या पडल्या नाहीत. आपण काय बोललो ते सदाशिवरावांना समोरच्या चेहऱ्यांवरून कळलं.

"तीनदा कायले?" नानाजींनी विचारलं. "घरात कोणाले आहे का? आमाले तर कोणी बोललं नाही."

विमल मंचाजवळ उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"सांगून टाक न पोरी, कोणासाठी नेलतं," सदाशिवराव अक्षरशः गयावया करू लागले. "नाही तं लगन मोडते."

"नाही सांगत, काका."

"काहून?"

"तिनं विश्वासानं सांगतलं मले."

आता सत्कार तरी उरकावा म्हणून सदाशिवरावांनी नारळ उचलला. विमलनं ओंजळ पुढे केली. त्या ओंजळीपाशी त्यांचा हात अडला. नारळ त्यांनी मेजावर ठेवला आणि म्हणाले, "घे तिथून."

तेवढ्यात बायकांतून रुक्माबाई उठल्या. सरळ मंचावर आल्या. लाजऱ्या बाई, नवऱ्याशेजारी कधी चालल्या नव्हत्या.

"ते पुस्तक मी मागवलतं," त्या नानाजींना म्हणाल्या. "पोरीच्या घरी काही नाही." मग त्यांनी बाही वर सारली. कोपराजवळ एक फिकट चट्टा होता. "चुलीचा चटका बसला तरी समजत नाही मले. विमल दुपारची येऊन वाचून दाखवते. गोळ्यायनं बरं होते, असं लिवलं आहे त्यात."

सदाशिवरावांना शब्द ऐकू येत होते, पण ते आपल्याच घराबद्दल आहेत हे डोक्यात शिरत नव्हतं. हाच हात रोज त्यांना वाढत होता.

"मले काहून नाही सांगतलं?"

"तुमी रोज ताटावर साऱ्या गावाचं सांगता. माझं कुठं कुठं सांगतलं असतं?" रुक्माबाईंनी बाही खाली ओढली. "तरी आज घरी गेल्यावर सांगणार होती. मंग तुमी नारळ मेजावर ठेवला, ते पाह्यलं."

नानाजींनी आपली खुर्ची हळूच सदाशिवरावांपासून दूर सरकवली.

सदाशिवरावांनी घाईनं नारळ उचलला. तो बायकोच्या हातात द्यायचा, सगळ्यांदेखत द्यायचा, असं ठरवून ते वळले. रुक्माबाईंनी पदर सावरून ओंजळ पुढे केली. आणि सदाशिवरावांचा हात पुन्हा अडला.