मावसबहिणी

"मागं वळू नकोस," ट्विला दातांतल्या दातांत पुटपुटली. "हार्लन स्टंप आलाय."

ग्लेंडाला वळायची गरजच नव्हती. हार्लनचा खोकला हार्लनच्या आधी पोचतो. निवडणूक पुढच्या आठवड्यात, आगाऊ मतदान याच काउंटी कचेरीत, त्यामुळे अर्धं गाव आज या एका बोळात रांग लावून उभं होतं. आणि लग्नाचा परवाना देणारी खिडकीही नेमकी त्याच बोळात! बरं, नंतर येऊ म्हणावं तर तेही नाही. ग्लेंडा शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती आणि शाळेच्या विम्यात जोडीदाराचं नाव घालायची मुदत शुक्रवारी संपत होती. ट्विलाचं घरातल्या घरात केस कापायचं दुकान, तिला विमा कुठला! आणि तिच्या उजव्या काखेत लिंबाएवढी गाठ. थांबू नका, असं डॉक्टर म्हणाले होते. त्यांचं बरंय. त्यांच्याच इस्पितळातली बाई आधी विमा विचारते, मग तारीख देते.

"काय गं बहिणींनो!" हार्लननं टोपी मागं सरकवली. "आलात मत द्यायला? कशाला येता दोघी? एकीचं मत दुसरी खाणार. घरीच बसायचं की!"

रांग हसली. दोघींच्या अंगणात दोन पक्षांच्या दोन पाट्या होत्या, हे सगळ्या गावाला माहीत. ट्विला मताची पक्की. औषधपाण्यात सरकारनं नाक खुपसू नये, आणि समान हक्क म्हणजे शहरातल्या रिकामटेकड्यांच्या गप्पा. "आपल्याला कोण छळतंय इथं?" असं ती ग्लेंडाला बजावायची. छळत कुणी नव्हतं, हे खरंच. पण का नव्हतं? पंचवीसेक वर्षांपूर्वी दोघींनी इथं घर घेतलं, तेव्हा चर्चच्या पहिल्याच जेवणाला ट्विलानं ठोकून दिलं होतं की आम्ही मावसबहिणी. झाकली मूठ सव्वा लाखाची. गावानंही ती कधी उघडून पाहिली नाही.

"मी म्हणतो, ज्यानं त्यानं आपल्या दुखण्याचं आपण बघावं," हार्लनचं सुरू झालं. "हक्क हक्क काय लावलंय? उद्या कुणीही उठेल, कुणाशीही लग्न लावील आणि म्हणेल, आणा विमा!"

"आणि तुझ्या फुप्फुसांच्या औषधाचे पैसे सरकारच देतं ना रे?" ग्लेंडाच्या तोंडून निघून गेलं.

"ते वेगळं! खाणीत छाती जाळलीय मी."

"आणि हिनं जन्मभर उभ्यानं केस कापून पायांच्या शिरा काय हौसेनं फुगवल्या?"

ट्विलानं तिला चिमटा काढला. "गप गं. आजच्या दिवस तरी." मग अगदी कानाशी येऊन म्हणाली, "चल, घरी जाऊ. माझ्या उपचाराला पैसे जमवायला चर्चवाले स्पॅगेटीची जेवणावळ ठेवतील. डेलबर्टच्या हृदयाच्या वेळी नव्हती ठेवली? किती माणसं आली होती."

"आणि डेलबर्ट कुठंय आता?"

तेवढ्यात खिडकी मोकळी झाली.

खिडकीत इमोजीन हॅचर. चर्चच्या गाण्यात ट्विलाच्या शेजारी उभी राहणारी, दर शनिवारी तिच्याकडूनच केस बसवून घेणारी. "अगं, मतदानाची रांग पलीकडे!" ती हसून म्हणाली. ग्लेंडानं बोलायचं टाळून भरलेला अर्ज आत सरकवला. इमोजीननं चष्मा लावला. वाचलं. पुन्हा वाचलं.

"अगं पण..." बिचारीला हळू बोलणं कधी जमलंच नाही. "तुम्ही तर मावसबहिणी! मावसबहिणींचं लग्न नाही होत या राज्यात. जवळचं नातं नाही, अशी शपथ वदवून घ्यावी लागते मला तुमच्याकडून!"

हार्लन खोकायचासुद्धा थांबला.

ग्लेंडानं रात्र रात्र जागून सगळं मनात घोकलं होतं. कुणी शिव्या देईल, कुणी थुंकेल, पाद्री घरी येईल, शाळेतल्या बाया डबा घेऊन दुसऱ्या टेबलावर जातील. आपलीच थाप अशी आडवी येईल, हे मात्र तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. आता खिडकी बंद झाली तर शुक्रवार गेला, आणि शुक्रवार गेला तर ट्विला गेली.

"नाही आहोत, इमोजीन," ट्विला म्हणाली. "कधीच नव्हतो. थाप मीच मारली होती."

"म्हणजे?"

"म्हणजे काय ते कळलंय तुला."

इमोजीनचे डोळे भरून आले. "माझ्या आईच्या मयताला चर्चमध्ये तुम्ही दोघी आमच्या घरच्यांच्या बाकावर बसलात. आणि मला खोटं सांगत राहिलात? मला?"

ग्लेंडाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"खरं सांगितलं असतं, तर बसवलं असतंस त्या बाकावर?" ट्विलानं विचारलं.

इमोजीन अर्जाकडे बघत राहिली. हार्लननं टोपी डोळ्यांवर ओढली आणि भिंतीकडे तोंड केलं. रांगेतलं कुणीतरी पुटपुटलं, कुणीतरी त्याला गप्प केलं. इमोजीननं हातांनी डोळे पुसले आणि घसा साफ केला.

"उजवा हात वर करा," ती कचेरीतल्या आवाजात म्हणाली. "दोघींनी."

ग्लेंडानं केला. ट्विलाचा हात खांद्यापर्यंत आला आणि अडला. तिनं ओठ आवळले, पुन्हा जोर लावला, चेहरा पांढराफटक पडला.

"डावा चालेल," इमोजीन म्हणाली. या खेपेला तिला हळू बोलणं जमलं.

"उजवाच," ट्विला म्हणाली.

ग्लेंडानं आपला डावा तळवा तिच्या कोपराखाली घातला आणि तो हात वर उचलून धरला. इमोजीन शपथ वाचू लागली. शपथ चांगली लांबलचक होती, हात जड होत होता, गाव बघत होतं. ग्लेंडानं शेवटच्या शब्दापर्यंत तो खाली येऊ दिला नाही.